मुंगुसाचे माहेर

इंग्रजीतील ‘मंगूज’ हा शब्द आपल्या ‘मुंगूस’वरून गेला, हे वाचून आम्हा धारवाडकर मराठी मंडळींची मान ताठ होते. ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य जॉन फ्रायर यांच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तो आढळतो. पुढे इंग्रजी लेखनात त्याच्या शेवटी ‘गूस’ हा पक्षीही येऊन बसला. अर्थाशी त्याचा काहीच संबंध नाही.

परंतु शोध येथे संपत नाही. संस्कृतात या प्राण्यास ‘नकुल’ म्हणतात. त्यापासून हिंदीत ‘नेवला’ आला. ‘मुंगूस’ त्या कुळातला नव्हे. कन्नडात ‘मुंगुसि’, तेलुगूत ‘मुंगिस’. म्हणून भाषाभ्यासक त्याचे मूळ द्राविडी मानतात. म्हणजे जे इंग्रजांना दिल्याचा आम्ही अभिमान बाळगतो, ते आम्हीच शेजाऱ्याकडून घेतलेले!

१९५६ साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून ‘आपली भाषा’ आणि ‘त्यांची भाषा’ हा भेद आमच्या घरांत अधिकच ऐकू येऊ लागला. राज्यांच्या सीमा आखता येतात. शब्दांनी त्या कधी जुमानल्या नाहीत. नातवंडे शाळेतून ‘मुंगुसि’ म्हणत घरी आली, तर त्यांना दुरुस्त करण्याची घाई आम्ही करू नये. तो शब्द परका नाही. आमच्याच शब्दाचे ते माहेर आहे.