‘पंच’ पेयातील लिंबू आणि सागरप्रवास

इंग्रजीतील ‘पंच’ ह्या पेयनामाचा उगम भारतीय ‘पंच’ ह्या संख्यावाचकात आहे, हे मत जॉन फ्रायर ह्या इंग्रज वैद्याच्या प्रवासवृत्ताने विशेष रूढ केले. फ्रायर १६७२ ते १६८१ ह्या काळात हिंदुस्थान व इराण येथे हिंडला. त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातील नेरूळ येथे उत्तम ‘आरक’, म्हणजे ऊर्ध्वपातित मद्य, तयार होते. ह्या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून हे पेय करतात. आणि पाच घटकांमुळे त्यास हे नाव पडले, असे तो सांगतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या १८८६ च्या कोशाने ही व्युत्पत्ती अधिक दूरवर पोहोचवली.

ह्या व्युत्पत्तीस दोन आक्षेप संभवतात. पहिला ध्वनीविषयक. सतराव्या शतकातील इंग्रजीत ह्या शब्दातील स्वर ओष्ठ्य ऱ्हस्व ‘उ’ होता. मराठी-हिंदीतील ‘अ’शी तो सरळ जुळत नाही. दुसरा आक्षेप वस्तुविषयक असून तो अधिक उद्बोधक आहे. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेस आला. त्याने ‘पालेपुंट्झ’ ह्या पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चार घटक सांगितले. फ्रेंच प्रवासी बर्निए ‘बूलपाँज’ ह्या पेयात काळ्या साखरेचे मद्य, लिंबाचा रस, पाणी व जायफळ देतो. गुलाबपाणी येते आणि जाते, जायफळ असते किंवा नसते. पाच ही संख्या दोन्ही याद्यांत नाही. परंतु मद्याप्रमाणेच आंबट फळाचा रस मात्र दोहोंतही आहे.

आणि नेमका हाच घटक जहाजावर टिकवणे सर्वांत कठीण. माडाची ताजी माडी काही तासांतच आंबू लागते. तिचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे ते मद्य पिंपात वर्षानुवर्षे राहते. साखर कोरडी ठेवली तर बिघडत नाही. जायफळाचेही तसेच. पाणी पिंपात बिघडते, तरी मार्गातील बेटांवर किंवा पावसाने पिंपे पुन्हा भरता येतात. लिंबू मात्र उष्ण व दमट कोठारात काही आठवड्यांतच वाळते किंवा सडते.

कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. जोग नदीच्या मुखाशी वसलेले आंजर्ले ह्याचे चांगले उदाहरण होय. गावात नारळी-पोफळीच्या बागा. खाडीपलीकडे दक्षिणेस हर्णै बंदर. आणि त्यासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग, जो कमोडोर जेम्सच्या आरमाराने एप्रिल १७५५ मध्ये आंग्र्यांकडून घेतला. अशी खाडी-बंदरे ह्या किनाऱ्यावर थोड्याथोड्या अंतरावर आहेत. किनाऱ्यालगत जाणाऱ्या गलबतास गोडे पाणी, शहाळी व लिंबे वाटेतच मिळू शकत. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात उतरत. टिकाऊ आंबटासाठी घराघरांत आमसूल व लिंबाचे लोणचे होतेच. ‘लोणचे’ हा शब्द ‘लवण’ ह्या संस्कृत शब्दाशी निगडित आहे. टिकवण्याचे साधनच त्या पदार्थाचे नाव झाले. सारांश, येथे ताजेपणा जहाजात साठवावा लागत नसे. तो किनाऱ्यावरच्या झाडावर राखलेला असे.

किनारा सोडून महासागरात शिरणाऱ्या जहाजाची स्थिती निराळी होती. दोन-तीन महिने ताजे अन्न न मिळाल्यास खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत आणि स्कर्व्हीने मृत्यू येई. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीत लँकेस्टरने आपल्या जहाजावर लिंबूरसाच्या बाटल्या घेतल्या व खलाशांना रोज सकाळी तीन चमचे रस दिला. ते जहाज बचावले. सोबतच्या तीन जहाजांवर रोग माजला. जेम्स लिंड ह्याने १७४७ मध्ये बारा रुग्ण खलाशांवर तुलनात्मक प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला. पण रस टिकावा म्हणून तो आटवण्याची जी रीत त्याने सुचवली, तिने मूळ गुणच मोठ्या प्रमाणात नष्ट होई.

ह्या प्रश्नाचे उत्तर ‘पंच’च्याच घटकांत होते. १७९४ मध्ये ‘सफोक’ हे इंग्रजी युद्धजहाज वाटेत कोठेही ताजा शिधा न घेता सुमारे तेवीस आठवड्यांनी मद्रासला पोहोचले. त्यावर न आटवलेला लिंबूरस साखरेसह रोजच्या पाणी मिसळलेल्या मद्यातून दिला गेला आणि स्कर्व्हीने एकही मनुष्य दगावला नाही. मद्य, पाणी, साखर व लिंबू: किनाऱ्यावरील चैनीचे पेय येथे औषध झाले. १७९५ पासून इंग्रज आरमाराने लिंबूरस अधिकृतपणे देण्यास प्रारंभ केला. रस टिकावा म्हणून त्यात थोडे मद्य मिसळले जाई.

तथापि ह्या यशाचे कारण अज्ञात राहिले आणि त्याची किंमत पुढे द्यावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य प्रदेशातील मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान लिंबाचा रस वापरात आला. त्यात रोगनिवारक द्रव्य पुष्कळच कमी होते. आंबटपणा हाच गुण समजल्यामुळे हा फरक ध्यानात आला नाही. १८७५–७६ च्या नेअर्सच्या उत्तर ध्रुवीय मोहिमेत लिंबूरस असूनही स्कर्व्ही उद्भवली. हे द्रव्य म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले.

‘पंच’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर ठरवता येत नाही आणि घटकांच्या गणतीवरही नाही. परंतु त्या पेयाचा इतिहास पाहता त्यातील जिनसांचे महत्त्व सारखे नव्हते, हे स्पष्ट होते. इतर जिन्नस कोठारात किंवा पिंपात भरून नेता येत. लिंबासाठी मात्र आंजर्ल्यासारख्या गावांचा सान्निध्यलाभ हवा, अथवा त्याचा गुण न गमावता रस टिकवण्याचे ज्ञान हवे. ह्या दोहोंच्या अभावी असंख्य खलाशी मरण पावले. पेयनामांचा अभ्यास करताना शब्दकोशाबरोबर जहाजावरील शिध्याची यादीही पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.