शर्त, शर्थ आणि शर्यत : दुष्काळनिवारणातील अंतराचा विचार

नांदगाव खंडेश्वर येथील यादवकालीन देवालयात शके ११७७ (इ. स. १२५४-५५) चा एक शिलालेख आहे. यादव नृपती कृष्ण याच्या कारकिर्दीतील या लेखात देवाच्या पूजेकरिता मिळालेल्या द्रव्यदानांची नोंद आहे. दान आणि त्याचा हेतू एवढे सांगितले की नोंद पुरी होते. दात्याने त्यासाठी देह किती झिजविला, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आपद्‌ग्रस्तांच्या साहाय्याच्या आधुनिक इतिहासात मात्र देह आणि अंतर यांना विलक्षण महत्त्व आले. ते कसे आले, याचा मागोवा तीन शब्दांच्या आधारे घेण्याचा येथे विचार आहे.

‘शर्त’, ‘शर्थ’ आणि ‘शर्यत’ हे तिन्ही शब्द मराठीत एकाच अरबी शब्दावरून आले. मूळ अर्थ ‘अट’. अटीवरून पैज, पैजेवरून धावण्याची चढाओढ, आणि पैज जिंकण्यासाठी पणाला लावलेली सारी शक्ती म्हणजे ‘शर्थ’, असा हा अर्थविस्तार दिसतो. दुष्काळनिवारणाच्या इतिहासात हे तिन्ही अर्थ एकामागून एक अवतरले आहेत.

प्रथम आली ती शर्त. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याच्या धोरणानुसार मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडी रोख रक्कम, एवढ्यावरच राबावे लागे. शिवाय ‘अंतराची कसोटी’ होती : धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यावयाचे नाही. जो एवढे चालून येईल तोच खरा गरजू, हे या कसोटीमागील गृहीतक. उपाशी माणसाचे चालणे हा त्याच्या उपासमारीचा पुरावा ठरला. या वेतनकपातीविरुद्ध मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. तथापि श्रमाची कसोटी टिकूनच राहिली.

वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. कापसाच्या या सुपीक प्रांताला दुष्काळाची सवय नव्हती. १८९१ साली सुमारे २९ लाख असलेली लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर स्वतःच्या वावरात घाम गाळला, त्याला आपण आळशी नाही हे खडी फोडून सिद्ध करावे लागले. त्याची ती शर्थ कोणाच्या कौतुकाचा विषय झाली नाही. ती केवळ हजेरीपटावर चढली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १९६७ साली कॅनडात ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने लांब पल्ल्याच्या पदयात्रा निघाल्या. चालणाऱ्याने परिचितांकडून मैलागणिक ठराविक रकमेचे वचन घ्यावयाचे आणि जितके मैल पुरे होतील तितका निधी परदेशांतील भुकेलेल्यांसाठी जमवावयाचा, अशी ही पद्धती. १९८१ साली हाँगकाँगमध्ये ब्रिटिश सैन्यातील गुरखा पथकाने शंभर किलोमीटरची डोंगरवाट तुडविण्याचा उपक्रम ‘ट्रेलवॉकर’ या नावाने सुरू केला. १९८६ पासून ‘ऑक्सफॅम’ संस्थेच्या सहभागाने तो सर्वसामान्यांना खुला झाला. चौघांच्या चमूने ठराविक मुदतीत हे अंतर तोडावयाचे आणि देणग्या मिळवावयाच्या. २०१२ साली हा उपक्रम भारतातही आला. ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारणासाठीच स्थापन झाली होती आणि १९५१ च्या बिहारमधील दुष्काळात तिने साहाय्य पाठविले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शर्यतीचे दुष्काळाशी असलेले नाते स्पष्ट होते.

येथे शर्त आहेच. परंतु ती घेणाऱ्यावरून निधी जमविणाऱ्यावर आली आहे. पोटभर जेवलेला माणूस स्वेच्छेने पाय सुजवून घेतो आणि त्याच्या श्रमाकडे पाहून इतरांचा हात सैल होतो. या श्रमातून रस्ता किंवा तलाव निर्माण होत नाही, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. पण १८७७ च्या कसोटीचाही खरा हेतू रस्ता हा नव्हता. माणसाची पारख हा होता. दोन्हीकडे श्रम हा पुरावाच आहे. एकीकडे तो संशयाला दिलेले उत्तर आहे, दुसरीकडे आस्थेची साक्ष. तथापि साक्ष देणाऱ्याला वाटेत केव्हाही थांबता येते, उत्तर देणाऱ्याला थांबता येत नव्हते, हा भेद विसरून चालणार नाही.

म्हणून शर्यतीने जमविलेल्या निधीचे मोल मान्य करूनही, इतिहासाचा निर्णायक टप्पा अन्यत्र शोधावा लागतो. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून बळ मिळालेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्रात १९७७ च्या कायद्याचा आधार लाभला. काम हा हक्क ठरला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर काम पाच किलोमीटरच्या आत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, अशी तरतूद केली. पूर्वी दहा मैलांच्या आत काम नाकारले जाई. आता दूरच्या कामाची भरपाई शासनाने द्यावयाची ठरली. अंतर तेच, पण त्याचा भार कोणी वाहावयाचा याचे उत्तर बदलले. दुष्काळनिवारणाच्या कोणत्याही उपक्रमाचा अभ्यास करताना प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच : शर्त कोणी घातली, आणि शर्थ कोणाला करावी लागली?