अधीक्षक कसा हवा?

आपल्या नगर जिल्ह्यात आजही ‘रिमांड होम’ म्हटले की भिंत, कुलूप आणि पहारा डोळ्यांपुढे येतो. कायद्यात त्याचे नाव निरीक्षणगृह, आणि प्रमुख तो अधीक्षक. या जागेवर माणूस कसा नेमावा, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

१८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यातल्या मुलाला तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली उमेदवारीस धाडण्याची सोय केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८९७ च्या सुधारशाळा कायद्यात पंधरा वर्षांखालील मुलगेच आले. मुक्काम तीन ते सात वर्षांचा. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने मुलांचा न्याय मोठ्यांपासून वेगळा काढला.

पाट्या बदलल्या, पण पेच तोच राहिला: बंदोबस्त ठेवणारा नेमायचा की शिकवणारा? २०१६ च्या केंद्रीय नियमांनी अधीक्षकाने आवारातच राहावे असे सांगितले, मुलांना तो केव्हाही भेटावा म्हणून. शिक्षक मात्र अर्धवेळही चालतात. म्हणजे संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मुलाजवळ उरतो तो अधीक्षकच.

म्हणून मला वाटते, निवड करणाऱ्यांनी पदवी, अनुभव, हिशेबाचे ज्ञान जरूर तपासावे; पण उमेदवाराला एक गोष्ट आवर्जून विचारावी. शाळा मध्येच सुटलेल्या पोराला तुम्ही पुन्हा पुस्तकाजवळ कसे आणाल? याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याच्याच हाती किल्ल्या द्याव्यात.