संगणकाच्या खोलीतली आग : आधी यंत्र की आधी माणूस?

आयटीतल्या नोकरीत कसला आलाय धोका, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. एसीत बसायचं, कीबोर्ड बडवायचा. फार तर पाठ धरते, मान आखडते, डोळे चुरचुरतात. पाठ आणि डोळे हा विषय लहान नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा आहे. आज आपण एका खोलीचा इतिहास पाहणार आहोत. या खोलीला आधी कॉम्प्युटर रूम म्हणत, मग सर्व्हर रूम म्हणू लागले, आणि आता ती वाढून वाढून डेटा सेंटर नावाची अख्खी इमारत झाली आहे. तिला आग लागली तर काय करायचं, याचे नियम गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कसे घडत गेले? आणि ते घडवताना वाचवायचं कोणाला होतं, यंत्राला की माणसाला?

सुरुवात अमेरिकेपासून करू. २ जुलै १९५९ रोजी पेंटागॉनमध्ये हवाई दलाच्या सांख्यिकी विभागाच्या संगणक-कक्षात आग लागली. चुंबकीय फिती ठेवायच्या कोठीत एक दिवा तसाच चालू राहिला होता. त्याच्या उष्णतेने छताचं जळाऊ फायबरबोर्ड पेटलं, असं नंतर दिसून आलं. हजारो फिती गेल्या, यंत्रं गेली, नुकसान ७० लाख डॉलर्सच्या घरात गेलं. संगणक ही नुसती महागडी वस्तू नाही, आतली माहिती जळाली तर ती बाजारात परत विकत मिळत नाही, हे त्या दिवशी फार ठळकपणे कळलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने संगणक-यंत्रणांसाठी स्वतंत्र मानक तयार केलं. ७५ क्रमांकाचं ते मानक सुधारत सुधारत आजही वापरात आहे. जळाऊ सामान खोलीत नको, फितींची कोठी वेगळी हवी, महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत दुसरीकडे हवी, ही शिस्त त्या काळात रुजली. या दुसऱ्या प्रतीचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता पुढची अडचण. संगणकाच्या खोलीत आग लागली तर विझवायची कशाने? विजेवर चालणाऱ्या, कोट्यवधींच्या यंत्रावर पाणी मारायला कोणाचा हात धजेना. मग उपाय निघाला कार्बन डायऑक्साइडचा. दारं बंद करायची आणि अख्खी खोली गॅसने भरून टाकायची. आग गुदमरते, यंत्र कोरडं राहतं. पण आगीबरोबर माणूसही गुदमरतो, त्याचं काय? हवेत हा वायू १० टक्क्यांच्या आसपास गेला, तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आणि या यंत्रणेत खोली भरायची ती किमान ३४ टक्क्यांपर्यंत! म्हणजे गॅस सुटताना जो आत राहिला, त्याचं कठीणच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० साली या यंत्रणांच्या अपघातांचा आढावा घेतला. १९७५ ते १९९७ या काळातल्या ५१ घटनांच्या नोंदी मिळाल्या. त्यांत ७२ माणसं मेली आणि १४५ जखमी झाली. यात जहाजं होती, कारखाने होते, विजेच्या खोल्या होत्या. सगळ्याच काही संगणकाच्या जागा नव्हत्या. पण यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पुष्कळसे अपघात आग लागली म्हणून झालेच नव्हते. कोणीतरी देखभालीला आलं होतं, कोणी चाचणी घेत होतं, आणि गॅस सुटला.

याचं एक उदाहरण पाहू. २८ जुलै १९९८, आयडाहोमधली राष्ट्रीय प्रयोगशाळा. विजेच्या उपकरणांची नेहमीची देखभाल करायला एक गट आत गेला होता. गॅसची यंत्रणा बंद केली आहे, असं सगळे धरून चालले होते. ती बंद होती खरी, पण फक्त नियंत्रणाच्या पॅनेलवरून. गॅसच्या वाटेवर प्रत्यक्ष कुलूप कोणी घातलं नव्हतं. काम चालू असताना गॅस सुटला, इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही, आणि क्षणात सगळं पांढरं झालं. एक कामगार दगावला, इतर अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा ‘यंत्रणा बंद आहे’ एवढ्या वाक्यावर भागत नाही. ती कुठून बंद केली आहे, हे विचारावं लागतं.

मधल्या काळात एक चांगला पर्याय आला होता, हॅलॉन १३०१. हवेत ५-६ टक्के मिसळला की आग विझे, आणि एवढ्या प्रमाणात आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळे. यंत्र आणि माणूस दोघंही वाचतात, असं पहिल्यांदाच झालं. जगभरच्या कॉम्प्युटर रूममध्ये हॅलॉनच्या टाक्या बसल्या. पण हा वायू ओझोनच्या थराला भोकं पाडणाऱ्यांपैकी निघाला. १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९४पासून त्याचं नवं उत्पादन थांबवलं, आणि आपल्यासारख्या देशांना २०१०पर्यंतची मुदत मिळाली. त्याच्या जागी दुसरे रासायनिक वायू आले, तसंच नायट्रोजन-आरगॉनसारखे निष्क्रिय वायूही आले.

या निष्क्रिय वायूंचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आगविरोधी यंत्रणेची चाचणी घेतली गेली. आग नव्हती, धूर नव्हता. पण वायू इतक्या जोरात सुटला, की त्याच्या आवाजाच्या कंपनांनीच हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प झाले. यंत्राच्या रक्षणाला बसवलेली यंत्रणाच यंत्रावर उलटली! त्यानंतर नोझलच्या आवाजाबद्दल बरीच चर्चा झाली. डिस्कच्या कानठळ्यांची काळजी एवढ्या तत्परतेने घेतली गेली, याची इथे नोंद घेऊ या.

आता जरा मागे जाऊ, कारण माणसाचा हिशेब कुठे राहून जातो, हे तिथे नीट दिसतं. २७ फेब्रुवारी १९७५च्या मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कमधल्या सेकंड अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात, केबलच्या खोलीत आग लागली. टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे तेव्हाचं डेटा सेंटरच. सुमारे १,७०,००० फोन बंद पडले. कंपनीने देशभरातून माणसं आणि सामान आणलं, आणि २३ दिवसांत सेवा पुन्हा सुरू केली. या कामगिरीवर ‘मिरॅकल ऑन सेकंड अव्हेन्यू’ नावाचा माहितीपटही निघाला. कामगिरी मोठी होतीच, त्याबद्दल वाद नाही.

पण त्या रात्री सुमारे ७०० अग्निशामक तिथे लढले होते. केबलवरचं आवरण पीव्हीसीचं. ते जळालं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, आणि तो घशात, फुप्फुसात ओलाव्याशी मिळाला की आम्ल होतं. शेकडो अग्निशामकांना त्रास झाला. पुढच्या वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांना श्वसनाचे विकार आणि कर्करोग झाले, आणि त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी त्याचं मूळ त्या रात्रीत शोधलं. फोन किती दिवसांत सुरू झाले, हे लगेच मोजलं गेलं. फुप्फुसांचा हिशेब मात्र त्या माणसांना स्वतःच मांडावा लागला.

आपल्याकडेही वेगळं नाही. २१ जून २०१२ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, ती आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर थेट पाहिली असेल. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर सहाव्यापर्यंत गेली. त्या दिवशीची चर्चा आठवून पाहा. फायली कुठल्या जळाल्या? ‘आदर्श’च्या जळाल्या का? किती कागद स्कॅन झाले होते? प्रश्न रास्त होते. पण त्या आगीत पाच माणसं गेली. त्यांतले काही तर नुसते कामासाठी आलेले अभ्यागत होते. बाहेर पडायचा रस्ता त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आज ती पाच माणसं किती जणांना आठवतात?

अगदी अलीकडच्या दोन घटना पाहू. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. जीवितहानी झाली नाही, हे भाग्य. पण तिथे आपोआप आग विझवणारी यंत्रणा नव्हती, आणि पूर्ण वीजपुरवठा तोडायला कित्येक तास लागले. विजेच्या ठिणग्या उडत असताना अग्निशामकांना आत कसं जाता येणार? नंतर २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरात लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. शासनाच्या ७०९ संगणकीय सेवा थांबल्या, आणि सरकारी नोकरांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट मजकूर कायमचा गेला. त्याची दुसरी प्रतच नव्हती.

इथे आपण त्या दुसऱ्या प्रतीकडे परत येतो. आजवर आपण बॅकअपकडे माहिती वाचवण्याचा उपाय म्हणून पाहत आलो. पण जरा उलट बाजूने बघा. ज्या कचेरीची दुसरी प्रत सुरक्षित ठिकाणी आहे, तिथल्या माणसाला धुरात परत शिरायचं कारण उरत नाही. अग्निशामकाला ‘सर्व्हर भिजेल, पाणी जपून मारा’ असं सांगावं लागत नाही. रात्रपाळीच्या पोरावर ‘तू कसा काय पळालास?’ असा ठपका येत नाही. म्हणजे पेंटागॉनचा धडा नीट पाळला, तर तोच माणसाच्या सुरक्षेचा नियम होतो. यंत्र की माणूस, हा पेच मुळात आपण कामचुकारपणा केला की तयार होतो.

आपल्या राज्याच्या कायद्याचं नाव पाहा: ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. त्यात ‘जीवसंरक्षक’ हा शब्द मुद्दाम आहे. या कायद्याप्रमाणे आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पण यंत्रणा चालू आहे म्हणजे माणसं सुरक्षित आहेत, असं होत नाही, हे आपण आयडाहोत पाहिलं.

ऐरोली, महापे, हिंजवडी, खराडी इथे काम करणारे तुमच्यात बरेच असतील. उद्या कामावर गेलात की चारच गोष्टी विचारा. गॅस सुटण्याआधी भोंगा किती सेकंद वाजतो, आणि तो रोखायचं बटण कुठे आहे? देखभालीच्या वेळी गॅसला प्रत्यक्ष कुलूप कोण घालतं, आणि किल्ली कोणाकडे असते? मुख्य वीज कुठून तोडायची, हे रात्री दोन वाजता हजर असलेल्या माणसाला ठाऊक आहे का? आणि शेवटचं म्हणजे, मॉक ड्रिल होते तेव्हा सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगच्या मावशी, एसी दुरुस्तीला आलेला पोरगा, हे सगळे तुमच्या मोजणीत असतात का? या इतिहासात बळी गेलेले बरेचसे याच लोकांसारखे होते, आत काही कामापुरते आलेले.

उत्तरं मिळाली नाहीत, तर पुन्हा विचारा.