कुत्र्याची खाज आणि जंतूंवरचा आरोप

पाळलेला कुत्रा सतत खाजवू लागला, पोटावर पुळ्या आल्या, पंजे चाटून चाटून तांबूस झाले, की घरोघरी एकच निदान ऐकू येते : कुठून तरी जंतू लागले. मग रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ जाऊ द्यायचे नाही, एक दिवसाआड अंघोळ घालायची आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करायच्या. या मताचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे गोळ्यांनी गुण येतो. पुळ्या बसतात, खाजही कमी होते. जंतू मेले आणि रोग हटला, तेव्हा जंतू हेच रोगाचे मूळ, असा हा तर्क. तो वरवर पटतो, म्हणूनच त्याचे खंडन नीट करायला हवे.

मुळात हे जंतू बाहेरून ‘लागलेले’ नसतात. कुत्र्यांच्या त्वचेवरच्या पुवाळ संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. स्वतंत्र जात म्हणून त्याला २००५ साली नाव मिळाले. तोवर तो जवळच्या दुसऱ्या जातीत मोजला जाई. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या नाकात, तोंडात, गुदद्वाराभोवती तो असतोच. पिल्लाला तो आईकडून मिळतो. जन्मापासून सोबत राहणारा जंतू तिसऱ्या-चौथ्या वर्षी अचानक उपद्रवी का झाला, हा खरा प्रश्न आहे आणि ‘जंतू लागले’ या निदानात त्याला उत्तर नाही.

ते उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म माइट किडींची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या त्वचेवर संशोधकांनी त्याच किडींचे ॲलर्जीकारक द्रव्य लावले. जंतू कोणीही सोडले नव्हते. तरीही द्रव्य लावलेल्या जागी दाह झाला आणि तिथे स्टॅफिलोकॉकसचे प्रमाण वाढले. कारण आधी, जंतू मागाहून, हा क्रम यातून स्पष्ट दिसतो. ॲलर्जिक कुत्र्याच्या त्वचेत पेशींना सांधून ठेवणारी स्निग्ध द्रव्ये कमी असतात, हा जंतू तिच्या पेशींना अधिक घट्ट चिकटतो, आणि चाटण्याने आलेला ओलावा त्याला वाढायला मदत करतो.

मग गोळ्यांनी खाज कमी का होते? कारण जंतू निर्दोष नाहीत. संख्या वाढली की त्यांची विषद्रव्ये आणि प्रथिने दाह आणखी भडकवतात. खाजेचा तेवढा वाटा खरोखर त्यांचा असतो. गोळ्या तो वाटा काढतात, ॲलर्जी जागेवरच राहते आणि काही आठवड्यांनी सगळे पुन्हा सुरू होते. धोका आहे तो इथे. तोच कोर्स पुनःपुन्हा दिला की गोळ्यांना दाद न देणारे जंतूच मागे उरतात. मेकए हे जनुक असलेल्या वाणांवर सेफालेक्सिन चालत नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटही नाही. म्हणजे नेमकी तीच औषधे बाद होतात, जी पशुवैद्य पहिल्यांदा हाती घेतात. असे वाण आज जगभर सापडतात. या चुकीच्या निदानाबद्दल मला सर्वाधिक चीड येते ती यामुळे.

अंघोळीचेही तसेच. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुतला तर तो उत्तम उपचार आहे. पुष्कळदा त्यानेच भागते आणि गोळ्यांची गरज पडत नाही. पण कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते. तिला माणसांचा साबण रोज चोळणे म्हणजे आधीच कमकुवत असलेले आवरण आणखी धुऊन काढणे. फिनलंडमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात तर खेड्यातल्या, निसर्गाच्या अधिक सहवासात राहणाऱ्या कुत्र्यांत ॲलर्जीची लक्षणे शहरी कुत्र्यांपेक्षा कमी आढळली. हा केवळ सहसंबंध आहे, त्यामुळे खाजणाऱ्या कुत्र्याला मातीत लोळवण्याचा सल्ला मी देणार नाही. पण अस्वच्छतेमुळेच खाज येते, हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही.

तपासाचा क्रम त्यामुळे उलटा हवा. आधी पिसवा, गोचीड आणि लूत यांचा निकाल लावायचा. त्वचेवर चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जंतू वाढलेत की मॅलॅसेझिया बुरशी, ते काही मिनिटांत कळते. मग आहाराची परीक्षा : कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच मांस किंवा डॉक्टरांनी दिलेले खास खाद्य, किमान आठ आठवडे. आपल्या घरांत ही परीक्षा फसते ती बहुधा मायेपोटी. आजी हळूच दुधात कुस्करलेली पोळी देते, मुले बिस्किट टाकतात, आणि दूध व गहू ही तर कुत्र्यांतल्या अन्न-ॲलर्जीची नेहमीची कारणे. रक्ततपासणीने हे काम होत नाही. तिचे निष्कर्ष अन्नाच्या बाबतीत भरवशाचे नाहीत. आठ आठवड्यांत खाज थांबली, तर जुने अन्न पुन्हा द्यायचे आणि ती परतते का ते पाहायचे. थांबलीच नाही, तर ॲलर्जी धुळीची, परागांची किंवा बुरशीची धरावी लागते. ती सहसा जन्मभर राहते, आणि तिच्यासाठी संवेदनशीलता कमी करणारी इंजेक्शने किंवा खाज रोखणारी औषधे लागतात.