पेटी कोणत्या कंपनीची?

आमच्या इंझोरीच्या भजनी मंडळाची जुनी पेटी यंदा निकामी झाली. उंदरांनी भाता कुरतडला, चार सूर मुके झाले. तुरीचे पैसे हाती आल्यावर घरोघरची वर्गणी जमली आणि मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "भाऊ, तुमी शहरात राह्यले. सांगा, पेटी कोन्त्या कंपनीची घ्याव?"

हाच प्रश्न युरोप-अमेरिकेत पियानो घेणाऱ्यांना पडत आला आहे. १८५३ हे साल त्या दृष्टीने मोठे गमतीचे. त्या एकाच वर्षी न्यूयॉर्कला स्टाइनवे, बर्लिनला बेखश्टाइन आणि लायपझिगला ब्ल्यूटनर असे तीन कारखाने सुरू झाले. जाणकार आजही त्यांची तुलना करतात. स्टाइनवेचा आवाज मोठी सभागृहे भरून टाकणारा, बेखश्टाइनचा स्वच्छ, ब्ल्यूटनरचा ऊबदार, असे म्हणतात. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा या वाद्याला सोसत नाही. वऱ्हाडात ते रुजले नाही यात नवल नाही.

रुजली ती पेटी. पॅरिसच्या देबँ यांनी १८४० च्या दशकात हार्मोनियम पुढे आणली. ती पायाने हवा भरून, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण बैठकीवर बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या, १८७५ साली स्थापन झालेल्या 'द्वारकिन' पेढीने हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी लोकप्रिय केली. जपानचे तोराकुसु यामाहा हेही याच घराण्यातले. १८८७ साली त्यांनी हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला पायऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून पुढे पियानोचा जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला.

महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने या वाद्याला मान दिला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने ते साथीच्या पलीकडे नेले. मुंबईत १९२५ पासून हरिभाऊ विश्वनाथ यांची पेढी पेट्या घडवू लागली. पेटीतले पितळी सूर बनवण्यात गुजरातच्या पालिताण्याने नाव कमावले.

पण ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतो आहे, तिनेच १९४० मध्ये पेटीला दार बंद केले होते. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, श्रुतींना पारखे, हा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. पियानोचीही तीच मर्यादा आहे. १९७१ मध्ये साथीपुरती बंदी सैल झाली. मधल्या तीस वर्षांत आमच्या देवळातली पेटी मात्र एक दिवस थांबली नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून त्या आक्षेपाला पेटीतूनच उत्तर दिले.

तेव्हा मी मंडळाला एवढेच सांगितले, की नाव पाहा, पण नावावर थांबू नका. भाता भरा, एकही पट्टी न दाबता तो किती वेळ टिकतो ते पाहा. प्रत्येक सूर अगदी हळू वाजवा. जो उशिरा बोलतो तो पुढे दगा देतो. खर्ज आणि नर असे दोन संच आपल्याला पुरेत. बायका काळी चारला गातात, बाप्ये काळी एकला. दोन्हीकडे वाजवून पाहा. आणि जवळच्या गावात दुरुस्ती करणारा कारागीर आहे ना, हे आधी विचारा.

दुकानात चार पेट्या समोर आल्या. वडीलधाऱ्यांनी कोणत्याच पेटीवरचे नाव वाचले नाही. डोळे मिटून चारही ऐकल्या आणि तिसरीवर हात ठेवला. ती सर्वांत महाग नव्हती. उरलेल्या पैशांत एक टाळजोडीही आली.