कायद्याला मन कधी दिसले?

सणाच्या अंकात गर्भपाताचा विषय कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. पण ज्या घरांत आपण पणत्या लावतो, त्याच घरांत हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या अंधारात बसून राहिले आहे. त्याच्या इतिहासाचे एक मोठे पान तर आमच्या काळेवाडीच्या शेजारी, पुण्यातच लिहिले गेले.

१८६० साली हिंदुस्थानात दंडसंहिता आली. तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात गुन्हा ठरविला. बाईचा जीव वाचविण्यासाठी केला तरच सूट. जिवाची दखल घेतली, मनाची नाही. त्या काळी काशीबाई नावाची तरुण विधवा जोतिराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. पोट पाडण्यासाठी तिने विषारी औषधे घेतली. एकही लागू पडले नाही. मूल जन्मले, तेव्हा बदनामीच्या भयाने तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या घटनेने हेलावून १८६३ साली जोतिराव व सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुण्याच्या ब्राह्मणवस्तीत कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याच्या जाहिराती लागल्या. ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतिरावांनी त्याचा हिशेब लिहून ठेवला : तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जगली, ३० दगावली. आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच जायबंदी झाली होती, असे त्यांचे म्हणणे. हा आकडा वाचताना मला त्या आयाच दिसतात. औषध वैदूचे असेल. पाजले ते भीतीने.

पुढे १९३८ साली लंडनमध्ये डॉ. अ‍ॅलेक बोर्न यांच्यावर खटला झाला. अत्याचाराला बळी पडलेल्या १४ वर्षांच्या मुलीचा गर्भपात त्यांनी उघडपणे केला होता. शरीराने वा मनाने उद्ध्वस्त होण्यापासून बाईला वाचविणे हेही जीव वाचविणेच होय, अशी दृष्टी न्यायाधीशांनी पंचांपुढे ठेवली. डॉक्टर निर्दोष सुटले.

आपल्याकडे १९६४ साली महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द आले. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा क्लेश ही मनाची गंभीर इजाच समजावी, असे कायद्याने सांगितले. संततिनियमनाचे साधन फसले तर तीच सवलत होती, पण केवळ विवाहितेला. २०२१ च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्याआधी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने कैदी स्त्रियांच्या संदर्भात, गर्भाचे काय करायचे हा निर्णय त्या स्त्रीचाच, असे स्पष्ट केले.

यावर दुसरी बाजू म्हणते, गर्भपातानेच बाईचे मन खचते. एखादीला रुखरुख लागते, हे खरेच. तथापि अमेरिकेत गर्भपात झालेल्या आणि मुदत टळल्यामुळे परत पाठविलेल्या स्त्रियांची पाच वर्षे विचारपूस केली, तेव्हा आरंभी अधिक चिंताग्रस्त आढळल्या त्या परत पाठविलेल्या.

मग प्रश्न सुटला काय? आमच्या काळेवाडीत कारखान्यांच्या आधाराने दूरदूरच्या गावांहून माणसे येऊन राहिली आहेत. भाड्याच्या खोलीत नवी आलेली एखादी सून मनातले कुणाला सांगणार? न सासूला, न शेजारणीला. कायद्यात मनाला जागा मिळाली. परंतु त्या मनाची साक्ष आजही कागदावर डॉक्टरच देतो आणि तिथवर पोचण्याआधी तिला घरच्यांचा धाक ओलांडावा लागतो.

फुले दांपत्याच्या दारात आलेल्या विधवेची तिथे अब्रू झाकली जाई. कलमे सरकार लिहील; असे दार मात्र घराघरालाच उघडावे लागेल.